पुढची दहा वर्षं: आशा धरायची की धास्ती घ्यायची?

तुझा प्रश्न दोनदा वाचला, आणि जरा सविस्तरच लिहिते कारण दोन ओळींत उरकण्यासारखा तो नाही. तुला तू म्हणते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. तू लिहिलंयस की तू २४ वर्षांचा आहेस, सॉफ्टवेअर टेस्टिंग करतोस, पाणी शुद्धीकरणाच्या इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करायचं मनात आहे, पण ऑफिसातले अर्धे लोक म्हणतात एआयमुळे दहा वर्षांत सगळे रोग बरे होतील आणि कोणाला काम करावंच लागणार नाही, उरलेले अर्धे म्हणतात दहा वर्षांनी माणूस तरी शिल्लक असेल का, आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हे वाचून-बघून झालं की सकाळी ॲडमिशनचा फॉर्म उघडायचीसुद्धा इच्छा होत नाही. शेवटी विचारलंयस, आशावादी बरोबर की निराशावादी, आणि दहा वर्षांचं प्लॅनिंग करण्यात काही अर्थ आहे का.

माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तू त्यांची गाठ मारून ठेवली आहेस. जगाचं काय होणार हा एक, आणि फॉर्म भरायचा का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याचं मिळणार नाही असं तुला वाटतंय. मला तसं वाटत नाही, पण ते शेवटी सांगते, आधी पहिला.

मी केमिकल प्लांटच्या सेफ्टीमध्ये २७ वर्षं काम करतेय. भविष्य सांगणं हे माझं काम नाही, पण काय बिघडू शकतं हे रोज विचारणं हे मात्र माझंच काम आहे. आमच्यात त्याला हॅझॉप म्हणतात. प्लांटची ड्रॉइंग टेबलावर पसरायची, आजूबाजूला ऑपरेटर, मेंटेनन्सवाले, डिझाइनवाले बसवायचे, आणि एकेक पाइप घेऊन विचारत सुटायचं. इथला फ्लो थांबला तर? उलटा आला तर? प्रेशर वाढलं तर? कशामुळे वाढेल, वाढलं तर काय होईल, आत्ता त्याला काय अडवतंय, आणि ते पुरेसं आहे का. असे दिवसच्या दिवस जातात, कधी आठवडे. इतक्या वर्षांत "हा प्लांट चांगला की वाईट" असा प्रश्न त्या टेबलावर कोणी विचारलेला मला आठवत नाही, कारण त्याचं उत्तर देताच येत नाही. एका पाइपबद्दल देता येतं. "मानवजातीचं भवितव्य" हे तसंच आहे, तो एक पाइप नाही, शेकडो आहेत, आणि काहींची तब्येत उत्तम आहे तर काहींकडे बघून माझी झोप उडते. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे एकदा मान्य केलंस की तुझ्या ऑफिसातल्या दोन गटांमधलं भांडण बरंचसं निवळतं.

आता तंत्रज्ञानाबद्दल. तंत्रज्ञान वाचवेल की बुडवेल या प्रश्नातच एक गोष्ट सुटून जाते, आणि ती आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला भोपाळने शिकवली आहे. १९८४ च्या डिसेंबरमधल्या त्या रात्री तिथे सेफ्टीची यंत्रणा नव्हती असं नाही, होती. पण टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन काही महिने बंद होतं, सुटलेला गॅस जाळून टाकायचा तो फ्लेअर पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढल्यामुळे निकामी होता, आणि गॅस धुऊन काढणारा स्क्रबर स्टँडबायवर ठेवलेला होता. म्हणजे माणसाला गॅस अडवायचा कसा हे माहीत होतं, ते बांधून पण ठेवलं होतं, फक्त चालू ठेवलं नव्हतं. हजारो माणसं गेली. तेव्हापासून मला कुठलंही नवीन तंत्रज्ञान दाखवलं की त्यात ताकद किती आहे यापेक्षा मी आधी हे विचारते की बिघडलं तर अडवणारं काय आहे, आणि ते चालू आहे का हे बघायचं काम कोणाचं.

एक छोटी गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये नाइट शिफ्टला राऊंड घेत होते. पॅनेलच्या मागचं दार उघडलं तर एका हाय प्रेशर इंटरलॉकवर, म्हणजे प्रेशर फार वाढलं की प्लांट आपोआप थांबवणाऱ्या यंत्रणेवर, ती निकामी करणारी बायपासची वायर टाकलेली, तिला पिवळा टॅग बांधलेला. टॅगवर "तात्पुरते" लिहिलेलं, खाली सही, आणि तारीख अकरा महिन्यांपूर्वीची, शाई इतकी उडालेली की टॉर्च मारून वाचावी लागली. ड्युटीवर दोघं होते. एक म्हणाला, मॅडम वर्ष होत आलं, काही झालं नाही, होणार पण नाही. दुसरा म्हणाला, मी तीनदा रजिस्टरमध्ये लिहिलंय, कोणी बघत नाही, लिहून उपयोग नसतो. पहिला स्वभावाने आनंदी माणूस, दुसरा कायम चिंतेत असलेला. आणि दोघांनी त्या अकरा महिन्यांत त्याच वायरसमोर बसून शिफ्ट केल्या होत्या. सेन्सर खराब होता, दुसऱ्या दिवशी बदलला, टेस्टिंग धरून दीड तास लागला. मी त्या दोघांना दोष देत नाही, रजिस्टर न वाचणाऱ्यांचा दोष जास्त होता. पण आशावादी की निराशावादी असं कोणी विचारलं की मला तो टॅग आठवतो, कारण दोघांच्या मतांनी त्या वायरला काडीचा फरक पडला नव्हता.

तर मग मी धोक्यांकडे बघते कशी. मुख्यतः चार गोष्टी बघते: धोका किती वेगाने येतो, येताना दिसतो का, झालेलं नुकसान मागे फिरवता येतं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठा तडाखा बसायच्या आधी छोटा बसतो का. आम्ही त्याला निअर मिस म्हणतो, थोडक्यात वाचलो असा प्रसंग. ज्या धोक्यात निअर मिस मिळतात त्यात माणूस शिकतो, फार चांगलं शिकतो. विमानवाहतूक बघ. १९७७ मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं आदळून ५८३ लोक गेले, बोलण्यातला गोंधळ हे त्यातलं एक मोठं कारण होतं, आणि त्यानंतर "टेकऑफ" हा शब्द रेडिओवर प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा असा नियम झाला, बाकी वेळी "डिपार्चर" म्हणायचं. एक शब्द! अशा शेकडो बारीक दुरुस्त्यांनी विमानप्रवास आज इतका सुरक्षित झाला आहे.

ओझोनचं उदाहरण मी माझ्या ज्युनिअर लोकांना नेहमी देते कारण त्यात आशा आणि धास्ती दोन्हीला जागा आहे. जुन्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले विषारी गॅस असायचे, गळती झाली की घरातली माणसं मरायची. त्यावर उपाय म्हणून सीएफसी नावाचे गॅस आले. ते शोधणाऱ्यांत थॉमस मिजली नावाचा इंजिनिअर होता, त्याने १९३० मध्ये लोकांसमोर तो गॅस स्वतःच्या छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली, म्हणजे विषारी नाही आणि पेटतही नाही. आणि ते खरंच होतं. आजची हॅझॉप टीम तिथे बसवली असती तरी तिने तो गॅस पास केला असता, कारण धोका त्या ड्रॉइंगवर नव्हताच, तो कित्येक किलोमीटर वर आकाशात होता. १९७४ मध्ये रोलंड आणि मोलिना या शास्त्रज्ञांनी हे गॅस वरचा ओझोनचा थर नष्ट करतील असा इशारा दिला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं त्या थरातलं छिद्र जाहीर झालं, १९८७ मध्ये हे गॅस बंद करण्यासाठी मॉन्ट्रियल करार झाला, पुढे जगातल्या प्रत्येक देशाने तो मान्य केला, आणि अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास पूर्वीसारखा होईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हे जमलं कारण गॅस बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या, पर्याय होता, आणि नुकसान हळू होत होतं. हाच मिजली पेट्रोलमध्ये शिसं घालण्यामागेही होता, आणि तिथे १९२० च्या दशकातच डॉक्टर ओरडत असूनसुद्धा शेवटच्या देशाच्या, म्हणजे अल्जीरियाच्या, पंपांवरून ते पेट्रोल जायला २०२१ साल उजाडलं. एकाच माणसाचे दोन शोध, एकाचं निस्तरणं इशाऱ्यानंतर १३ वर्षांत सुरू झालं, दुसऱ्याचं पूर्ण व्हायला जवळपास शंभर वर्षं लागली. त्यामुळे "माणूस शेवटी करतोच" असं कोणी म्हणालं की मी विचारते, किती वर्षांनी, आणि मधल्या काळात कोणाच्या मुलांच्या रक्तात ते शिसं गेलं.

आणि जे चांगलं झालंय ते छोटं समजू नकोस. १९९० मध्ये जगात पाच वर्षांच्या आतली सुमारे १ कोटी २५ लाख मुलं एका वर्षात दगावत होती, आता तो आकडा ५० लाखांच्या खाली आहे. लसी, ओआरएस, स्वच्छ पाणी, आईची काळजी, सगळं साधं. देवीचा नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये रोग संपल्याचं जाहीर झालं. (मधल्या काळात, १९७८ मध्ये, बर्मिंगहॅमच्या एका लॅबमधून तोच विषाणू निसटला आणि एका बाईचा जीव गेला, हे पण लक्षात ठेव, मी तरी विसरत नाही.) अशा गोष्टींची बातमी होत नाही कारण न झालेला मृत्यू दिसत नाही. वाय-टू-केच्या वेळी, म्हणजे २००० साल लागताना कॉम्प्युटर तारखेत गोंधळतील अशी भीती होती तेव्हा, हजारो लोकांनी रात्रंदिवस बसून कोड दुरुस्त केला, काही मोठं बंद पडलं नाही, आणि लोक म्हणाले उगाच घाबरवलं. माझ्या कामाचं पण तेच असतं, स्फोट झाला नाही म्हणून कोणी आभार मानायला येत नाही.

इथपर्यंत थोडक्यात असं, की जे धोके हळू येतात, दिसतात आणि शिकायची संधी देतात, त्यांच्याबद्दल मी बऱ्यापैकी आशावादी आहे. हवामान बदल यातला अवघड नमुना आहे, हळू येतो आणि दिसतो, पण मागे फिरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड १९५८ मध्ये मोजायला लागले तेव्हा दहा लाखात ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर आहे, आणि २०२४ हे तोवर मोजलेलं सगळ्यात गरम वर्ष निघालं. दुसऱ्या बाजूला सोलर पॅनेलची किंमत २०१० नंतरच्या दहा वर्षांत ९० टक्क्यांच्या आसपास घसरली, जे माझ्या पिढीतल्या कुठल्याच इंजिनिअरने कॉलेजात असताना खरं मानलं नसतं. शिवाय इथे जिंकलो किंवा हरलो असं काही नसतं, अर्धा अंश कमी तापला तर तेवढी माणसं वाचतात, म्हणून "आता उशीर झाला" हे वाक्य इथे कधीच पूर्ण खरं होत नाही.

माझी खरी धास्ती आहे ती जिथे निअर मिस मिळेलच याची खात्री नाही तिथे. अण्वस्त्रांचं घे. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत कंट्रोल रूममध्ये स्क्रीनवर अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं निघालेली दिसत होती, आणि ड्युटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव्हने ठरवलं की हे खोटं आहे, खरा हल्ला पाचच क्षेपणास्त्रांनी कोण करेल. ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन उपग्रहाला फसवत होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर मशीन चुकलं होतं आणि मध्ये उभा होता एक माणूस. प्लांटमध्ये मी असं डिझाइन कधीच पास केलं नसतं. तेव्हापासून अण्वस्त्रांची संख्या १९८६ च्या सुमारे ७०,००० वरून १२,००० च्या आसपास आली हे खरं, आणि २०१९ मध्ये मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार मोडला हेही खरं.

आता एआय, ज्याने तुझी झोप घालवली आहे. मी त्यातली तज्ज्ञ नाही, सेफ्टीच्या अंगाने जे दिसतं तेवढंच सांगते. उपयोग खरा आहे, प्रोटीनचा आकार ओळखणारं अल्फाफोल्ड बनवणाऱ्यांना २०२४ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो उगाच नाही. माझी अडचण वेगळी आहे. १ जून १९७४ ला इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोला स्फोट झाला आणि २८ माणसं गेली. एका रिॲक्टरला तडा गेला म्हणून तो काढला आणि दोन्ही बाजूंचे रिॲक्टर जोडायला एक वाकडा पाइप घाईघाईत बनवला, त्याचं ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने मारलेल्या रेघा. आणि तो पाइप दोन महिने चालला पण! चालतोय म्हणजे बरोबर आहे असंच सगळ्यांना वाटलं असणार. त्यानंतर आमच्या धंद्यात हळूहळू नियम पक्का झाला की कुठलाही बदल, अगदी गॅसकेटचा सुद्धा, कोणीतरी स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय करायचा नाही, आणि सेफ्टीची यंत्रणा नेहमीच्या कंट्रोलपासून वेगळी ठेवायची, म्हणजे एक चुकलं तर दुसरं सोबत चुकणार नाही. एआयमध्ये मला आत्ता खडूच्या रेघा बऱ्याच दिसतात. बनवणाऱ्यांनासुद्धा अमुक उत्तर नेमकं का आलं हे पूर्ण सांगता येत नाही आणि तरी ते दर काही महिन्यांनी नवीन, जास्त ताकदीचं, कोट्यवधी लोकांच्या हातात जातं. काहीच होत नाहीये असंही नाही, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कला २८ देश आणि युरोपियन युनियन एकत्र येऊन निदान धोका आहे एवढं तरी म्हणाले, आणि ऑगस्ट २०२४ पासून युरोपचा एआयचा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय. पण बदलाचा वेग आणि तपासणीचा वेग यातलं अंतर मला आवडत नाही, आणि हे मी साफ सांगते.

एक मात्र लक्षात घे, तू ज्या व्हिडिओत "माणूस नष्ट व्हायची शक्यता इतके टक्के" असं ऐकलंस त्या टक्क्यांना फार धरून बसू नको. आम्ही पण शक्यता काढतो, अमुक व्हॉल्व्ह शंभर वेळा गरज पडली तर एकदा उघडणार नाही वगैरे, पण तो आकडा हजारो व्हॉल्व्हच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून येतो. माणूसजात एकच आहे, तिच्या नोंदी कुठून आणणार. ते आकडे म्हणजे हुशार लोकांची तळमळ आहे, तिचा आदर कर, पण तिला मोजमाप समजू नको. हुशार लोक दोन्ही दिशांना चुकतात. १९६८ मध्ये पॉल अर्लिक या जीवशास्त्रज्ञांनी सांगितलं की १९७० च्या दशकात कोट्यवधी लोक भुकेने मरणार, तेवढा अनर्थ झाला नाही. २०१६ मध्ये एआयचे संशोधक जेफ्री हिंटन, ज्यांना पुढे फिजिक्सचं नोबेल मिळालं, म्हणाले की रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, शिकवणं आत्ताच थांबवा, पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं करेल. मशीन खरंच खूप सुधारलं, पण रेडिऑलॉजिस्टची गरज संपली नाही, अनेक देशांत आज ते कमीच पडतात. त्या वर्षी ते वाक्य ऐकून कोणा मुलाने फॉर्म बाजूला ठेवला असेल तर त्याचं काय झालं असेल, असं माझ्या मनात येतं.

आणि बरंच काही परिस्थितीवर आहे हे मान्य करते. हीच दहा वर्षं एखाद्याला फार चांगली जातील आणि दुसऱ्याला फार वाईट. कोविडची लस विषाणूची जनुकीय माहिती जाहीर झाल्यापासून वर्षाच्या आत माणसांना टोचायला लागली, त्याआधी सगळ्यात लवकर झालेली गालगुंडाची लस, तिला चार वर्षं लागली होती. केवढी मोठी गोष्ट. आणि तरी गरीब देशांतल्या नर्स, डॉक्टर महिनोन्‌महिने वाट बघत राहिले. तू कुठे राहतोस, पाठीशी पैसा किती, घरात अवलंबून कोण आहे, यावर तुझी दहा वर्षं एआयपेक्षा जास्त ठरतील असं मला वाटतं. रात्रीची झोप जायला लागून महिने झाले असतील तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोल, तो वेगळा विषय आहे आणि मी लिहिलेलं काही वाचून तो सुटणार नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. फॉर्म भर. दिवस चांगले आले तर पाण्याचं शिक्षण कामाला येईलच, आणि वाईट आले, दुष्काळ, पूर, वीज जाणं, काहीही, तर ज्याला पाणी शुद्ध करता येतं तो माणूस सगळ्यात आधी लागतो. सगळंच संपलं असं धरलं तर फॉर्म न भरूनही तुझ्या हाती काही लागणार नाही. म्हणजे जगाचा निकाल काय लागतो यावर तुझं उत्तर बदलतच नाही, म्हणून सुरुवातीला म्हटलं की ही गाठ सोडव. आणि टेस्टिंगची तीन वर्षं फुकट गेली असं जे तू लिहिलंयस ते मला अजिबात पटलं नाही, "हे कशाने मोडेल" असा विचार करायची सवय शिकवायला आम्हाला नवीन इंजिनिअरवर दोन-दोन वर्षं घालवावी लागतात.

पाण्याच्या प्लांटमध्ये क्लोरीनची सिलेंडरं असतात, त्यांनाही इंटरलॉक असतात, गळती ओळखणारे सेन्सर असतात. तिथे रुजू झालास की पहिल्या आठवड्यात पॅनेलच्या मागचं दार उघडून बघ, टॅग लावलेले असतील तर त्यावरच्या तारखा वाच. आणि जुनी तारीख दिसली तर रजिस्टरमध्ये लिहून थांबू नकोस, ज्याच्या सहीने ती वायर निघेल त्याच्या टेबलासमोर जाऊन उभा राहा, आणि निघेपर्यंत रोज जा.